गेलेले शॉकअप

"अजून किती घट्ट करू, चाची?"

हमीदाचाची शिकलगार भट्टीतल्या पाट्याकडं बघत होती. पाटा हवा तसा लाल झाला नव्हता.

मिरजेकडं जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांच्या स्प्रिंगचे पाटे बसवणारी ती एकटीच बाई. नवरा गेल्यावर भट्टी विझेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याला आता तीस वर्षं झाली.

विचारणारा रेवण उमदीकर दारात उभा होता. मागं त्याची पिकअप, जमिनीला टेकायला चार बोटं राहिलेली. एवढी खाली बसवलेली गाडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती. पाटे कमी केले होते. मागं काही हलू नये म्हणून चासी आणि एक्सलच्या मध्ये टणक रबर ठोकलं होतं.

शर्यतीला जुन्या धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या राहत. झेंडा पडला की चारशे मीटर, सरळ. रेवण तीनदा हरला होता. त्याची चाकं जागेवरच धूर काढत फिरायची. गेल्या खेपेला गाडी आडवी गेली आणि बघ्यांपासून हातभरावर थांबली.

त्या बघ्यांत त्याची बायको महानंदा होती. दुसऱ्या दिवशी चहा देताना ती एवढंच म्हणाली, "आता एकदाच."

हे त्यानं चाचीला सांगितलं नाही.

"मागची बाजू हलते, म्हणून चाकं घसरतात," तो म्हणाला. "हलायलाच नको, असं काहीतरी करा. उंचीला मात्र हात लावायचा नाही."

"हौद्यात झोप."

"काय?"

"उताणा. एक्सलवर पाठ, पाय फाळक्याकडं. कडी घट्ट धर."

गाडी चाचीनं चालवली. धावपट्टीवर धुकं होतं, भेगांतलं गवत ओलं होतं. तिनं एकदम क्लच सोडला आणि रेवणच्या पाठीत कुणी घण घातल्यासारखं झालं. मागची चाकं उड्या मारत होती. त्याचे दात एकमेकांवर आपटले. गाडी मात्र होती तिथंच होती.

चाची उतरली. "काय कळलं?"

तो पाठ चोळत राहिला...

परत आल्यावर चाचीनं ठोकलेलं रबर काढलं आणि निम्म्या जाडीचं, मऊ बसवलं. पाट्यांच्या पुढच्या अंगाला दोन क्लिपा आवळल्या. उंची तीच ठेवली. मग भंगारातून दोन शॉकअप ओढून आणले आणि पुढच्या चाकांजवळ टाकले.

रेवणनं एक हातात घेऊन दाबला. तो मुकाट खाली गेला, सोडल्यावर मुकाट वर आला.

"चाची, हे तर गेलेले आहेत."

"हो."

"आणि पुढं बसवायचे?"

"पुढंच."

"पुढचं सैल झालं तर नाक वर उठेल की."

चाचीनं पाना त्याच्या हातात दिला.

ऊन कलल्यावर तो पुन्हा हौद्यात झोपला. या वेळी कडी त्यानं आपणहून धरली. वर एक घार फिरत होती...

क्लच सुटला. नाक उचललं गेलं. त्याच्या पाठीखाली गाडी मागं बसली, पाण्यात उतरणाऱ्या म्हशीसारखी, सावकाश, सगळं अंग सोडून. त्याला वाटलं, ती आता अशीच बसत जाणार. चाकं या वेळी उडाली नाहीत, घसरलीही नाहीत. आवाज कुठंतरी लांब राहिला. पत्र्यावर त्याची पाठ आणि पाठीवर त्याचं वजन, एवढंच उरलं.

घार पायांकडं सरकली. मग लहान झाली. मग दिसेनाशी झाली.

महानंदाला इथं शेजारी घ्यायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं.

गाडी थांबली. धावपट्टी संपली होती. रेवण उठून बसला, पण खाली उतरला नाही.

"चाची... ती आधी मागं बसली."

चाची दार उघडून खाली उतरली.

"मागं बसली ते कळलं. पण पुढं कधी निघाली, ते मला कळलंच नाही."

चाचीनं पदरानं कपाळ पुसलं.

"कळलं असतं, तर गाडी परत खोलावी लागली असती."