समेवर पडलेले बोट

मिरजेत एका वृद्ध तबलावादकांकडे एक शिष्य शिकत असे. सकाळी रियाज आणि दिवसभर संगणकावर खेळ तयार करणे, असा त्याचा क्रम होता. गावातल्या अंध मुलांच्या शाळेसाठी त्याने तालाचा एक खेळ रचला होता. ठेका अखंड वाजत राही आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येताच मुलाने कळ दाबायची. बरोबर दाबली तर घंटी वाजे, चुकली तर बद्द टोला पडे.

शाळेचे संगणक जुनाट होते. गुरुजींनी वाजवून दिलेले दीडशे ठेके त्यांच्यावर मावेनात, म्हणून शिष्याने तो सारा ध्वनी दाबून आकाराने दहाव्या हिश्शावर आणला होता. खेळ सोमवारी शाळेत द्यायचा होता. शनिवारी तो मोठ्या ऐटीत गुरुजींना दाखवायला घेऊन आला.

तपासणीच्या सोयीसाठी त्याने पडद्यावर एक दिवा ठेवला होता. यंत्राच्या हिशेबाने सम आली की तो लुकलुके. शिष्य वीस आवर्तने खेळला आणि त्याची एकही सम चुकली नाही.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी उठून खांद्यावरचे उपरणे पडद्यावर टाकले आणि म्हणाले, “आता खेळ.”

पहिल्या चार समांना घंटी वाजली. पाचव्या-सहाव्या समेपासून टोले पडू लागले. शिष्य सावरून बसला, पुन्हा खेळला, पुन्हा तेच झाले. अखेर बोटे चोळत तो खजील होऊन म्हणाला, “गुरुजी, आज हात ठिकाणावर नाही माझा.”

“हात उत्तम आहे तुझा. मघाशी तू दिवा पाहून बोट टाकत होतास, आता ऐकून टाकलंस. सोळावी मात्रा झाली की खेळातला ठेका कणभर अडतो. यंत्र ते हिशेबात धरत नाही. प्रत्येक फेरीला तो कण साठत जातो. तू समेवरच होतास, यंत्र चुकत होतं.”

शिष्य ओशाळला. “ध्वनी दाबताना फाइलच्या टोकांना थोडी शांतता चिकटते. मला माहीत होतं, पण ती कुणाला जाणवेल असं वाटलं नाही. दाबलेली कळ बरोबर धरायची मर्यादा जरा सैल करतो. उद्यापर्यंत होऊन जाईल.”

गुरुजींचा स्वर कठोर झाला. “चार वर्षं माझ्यासमोर बसलेला तू. टोला पडला तेव्हा तू यंत्राला बोल लावला नाहीस, स्वतःच्या हाताला लावलास. मग ती लेकरं काय करतील? आपल्याला ताल नाही, असं ठरवून मोकळी होतील. पुन्हा तबल्याजवळ यायची नाहीत. आणि मर्यादा सैल केलीस, तर चुकलेल्या हातालाही घंटी मिळेल. तीही फसवणूकच.”

शिष्याला स्वतःची लाज वाटली, पण तो लाजेत बसून राहिला नाही. तिथूनच त्याने मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून पंधरा दिवस मागून घेतले. मग एकेक ठेका उघडून त्याची टोके तासली. यंत्राने घड्याळ न पाहता प्रत्यक्ष वाजलेला ध्वनीच मोजावा, अशी सगळी जुळणी नव्याने लिहिली. पडद्यावरचा दिवा काढून टाकला आणि दीडशे ठेके डोळे मिटून तपासायला घेतले. नव्वदाव्या ठेक्यात पुन्हा खोट सापडली, तेव्हा चरफडत तो पहिल्यापासून तपासायला बसला.

पंधराव्या दिवशी गुरुजीही शाळेत आले आणि नऊ वर्षांची तस्लीम खेळायला बसली. दहा समांना घंटी वाजली आणि अकराव्या समेला टोला पडला. शिष्याने घाईघाईने यंत्रातली नोंद पाहिली. बोट खरोखरच आधी पडले होते.

तो काही बोलणार, तेवढ्यात तस्लीम म्हणाली, “घाई केली मी. परत लावा की, सर.”

शिष्याने गुरुजींकडे पाहिले.

“लाव,” गुरुजी म्हणाले. “ही चूक तिची आहे. तिला ती सुधारता येईल.”