एकाच रेघेची फळी

पश्चिमेच्या समुद्रात एक हिरवंगार बेट होतं. तिथे वारा कधी सुट्टी घेत नसे, आणि ब्रोनाचं तोंडही. ब्रोना लाकूड कोरायची. हातात पटाशी असली की हात आणि तोंड बरोबरीने चालायचं, आणि दोन्हींवर तिचा भरवसा दांडगा होता. आपल्या तोडीचं कोरणारं बेटावर दुसरं कुणी नाही, हे लोकांनी म्हणायच्या आत ती स्वतःच सांगून मोकळी व्हायची. ते खरंच असल्यामुळे कुणाला तिचा राग येत नसे.

बेटावरचे लोक मासेमारी करून जगत. नवी होडी पाण्यात उतरवायची असली की तिच्या पुढच्या टोकाला कोरीव फळी बसवायची, अशी तिथली रीत होती. त्या फळीवर एकच रेघ असे. ती वर जाई, खाली येई, वळसे घेई, स्वतःलाच ओलांडी. एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून. अशी सगळी फळी गुंफून टाकून ती जिथून निघाली तिथेच परत येऊन मिळे. रेघ रेघेला जिथे ओलांडते त्या जागेला तिथले लोक गाठ म्हणत.

रेघ एकच का? तर बेटावरच्या आया सांगत, की समुद्राच्या तळाशी माणसं राहतात. त्यांना वरच्या माणसांची फार ओढ. होडीवर रेघ एक असली, तर गेलेले सगळे एकाच वाटेने बांधलेले राहतात आणि सगळे मिळून घरी येतात. रेघा दोन झाल्या की वाटाही दोन होतात. मग काही जण घरी येतात आणि काहींना तळातली माणसं ठेवून घेतात.

म्हणून होडी उतरवण्याच्या सकाळी, जिचा मुलगा सुकाणू धरणार ती आई पुढे येई. फळीवर हवं तिथे बोट टेकवी आणि रेघेवरून ते फिरवत फिरवत पुन्हा तिथेच आणी. बोट परत आलं की होडी पाण्यात. त्यानंतर त्या फळीला पटाशीचं लोखंड लावायचं नाही, असाही नियम होता.

तळातल्या माणसांवर ब्रोनाचा फारसा विश्वास नव्हता. पण त्या आयांवर तिची माया होती. मुलगा समुद्रावर गेला की रात्री त्यांना झोप लागते ती आपल्या फळीच्या जिवावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ती प्रत्येक फळी आधी ओल्या वाळूत आखून बघायची. वाळूतल्या रेघेवरून बोट फिरवायची, वाटेत एकही गाठ सुटली नाही ना ते पाहायची, आणि मगच लाकडाला हात घालायची.

एकदा बेटाचा सरदार कोर्माक याने मोठी होडी बांधायला घेतली. इतकी मोठी होडी बेटाने कधी पाहिली नव्हती. कोर्माक स्वतः ब्रोनाच्या छपरीत आला.

"सगळ्यांच्या फळीवर गाठींच्या पाच ओळी असतात ना?" तो म्हणाला. "माझ्या फळीवर सहा पाहिजेत."

"सहाच? मला वाटलं सरदार आहात, सात तरी मागाल!" ब्रोना हसली.

"सहा पुरेत. फळी मनासारखी झाली, तर माझ्या वाड्याचा नवा दरवाजाही तूच कोरायचा."

ब्रोनाचं हसू जागच्या जागी थांबलं. सरदाराचा दरवाजा म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वर हात पोचू नये एवढा उंच. असं काम आयुष्यात एकदा मिळालं तर मिळतं. त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढे दरवाजाच नाचू लागला. त्यावर हरणं कोरायची, बगळे कोरायचे, त्यांच्या माना एकमेकींत गुंतवायच्या. हात फळीवर आणि मन दरवाजावर, असं चाललं होतं. तिने यावेळी वाळूत काही आखलं नाही. इतक्या फळ्या कोरल्या, आता वाळूत काय खेळायचं, असं तिला वाटलं. पाचाच्या जागी सहा ओळी धरल्या आणि पटाशी चालवली.

फळी देखणी झाली. बघणाऱ्याची नजर तिच्यात शिरे आणि बाहेर यायची वाट विसरे.

होडी उतरवण्याचा दिवस उजाडला. भरती चढत होती. सगळं बेट किनाऱ्यावर लोटलं होतं. सुकाणू धरणार होता केरन, ऊनाआजीचा एकुलता एक मुलगा. आजीला डोळ्यांनी कमी दिसे, पण बोट तिचं पक्कं. ती पुढे आली, फळीवर बोट टेकवलं आणि निघाली. लोक श्वास रोखून बघत होते. बोट वळलं, चढलं, उतरलं आणि जिथून निघालं तिथे परत आलं. किनाऱ्यावर एकच आरोळी उठली.

"अगं बाई," ऊनाआजी हसत म्हणाली, "आज किती लवकर परत आले! मागच्या होडीच्या वेळी हात भरून आला होता. ही तर केवढी मोठी फळी! शकुन चांगला दिसतोय."

सगळे हसले. ब्रोनाही हसायला गेली, आणि मध्येच थांबली.

मोठी फळी, मग वाट लहान कशी?

तिने फळीकडे पाहिलं. आजीचं बोट गेलं होतं ती रेघ तिने नजरेने धरली. ती रेघ परत आली होती खरी, पण निम्म्या गाठींना बगल देऊन. एक ओळ वाढवली आणि रेघेचे दोन वेढे झाले होते. एकात एक असे गुंफलेले, की वरवर पाहणाऱ्याला एकच वाटावेत. आजी एका वेढ्यावरून फिरून आली होती. दुसऱ्या वेढ्याला कुणाचं बोट लागलंच नव्हतं. वाळूत एकदा आखलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं. ब्रोनाला स्वतःची इतकी चीड आली, की कान तापले.

इकडे कोर्माक खुशीत आला होता. "ऐका सगळे!" तो ओरडला. "आजपासून माझ्या दरवाजाचं काम ब्रोनाचं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरण्या पोरांनी होडीला खांदे लावले. केरन आईच्या पाया पडून होडीत चढू लागला. ब्रोनाला आता काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. एवढ्या मोठ्या बेटावर ती चूक एकाच माणसाला दिसली होती, आणि त्या माणसाला दरवाजा हवा होता. फार हवा होता.

ब्रोनाने ऊनाआजीकडे पाहिलं. आजी आपलं बोट पदराला पुसत होती. आज रात्री ही बाई निर्धास्त झोपेल, आणि तेही मी दिलेल्या खोट्या भरवशावर, असं ब्रोनाच्या मनात आलं. ते तिला सोसवेना.

"थांबा!" ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा, त्यात वारा किनाऱ्याकडे वाहत होता. सगळ्यांना ऐकू गेलं. "खांदे काढा रे. फळी चुकली आहे. रेघ एक नाही, दोन आहेत. आजी अर्ध्याच वाटेवरून फिरून आल्या आहेत."

टाळ्या थांबल्या. कोर्माकचा चेहरा लाल झाला.

"बोट परत आलं की नाही?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "रीत झाली. बाकी कुणाला कळणार आहे?"

"आत्ताच सगळ्या बेटाला सांगितलं मी."

"आणि भरती? ती तुझ्यासाठी थांबणार आहे? नवी फळी कधी कोरणार, कधी बसवणार?"

"नवी नको. हीच नीट करते. पाणी उतरायच्या आत करते."

"कशी?"

"एक गाठ तोडून."

लोकांत कुजबुज सुरू झाली. एकदा बोट फिरलेल्या फळीला लोखंड लावायचं? आणि गाठ चक्क तोडायची? एका म्हाताऱ्याने तर कानांवर हात ठेवले. कोर्माक म्हणाला, "हे बघ, फळीला पटाशी लावलीस, तर दरवाजाचं विसर."

ती हरणं, ते बगळे ब्रोनाच्या डोळ्यांसमोरून गेले. मग ती कोर्माककडे पाठ करून ऊनाआजीपुढे उभी राहिली.

"आजी, मुलगा तुमचा आहे. माझ्या हातून चूक झाली. आखून बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही. तुम्ही म्हणाल तसं."

ऊनाआजीने चाचपत फळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पोरी, गाठ तोडलीस तर वाट तुटायची नाही ना?"

"नाही आजी. दोन वाटा आहेत, त्या एक होतील."

"मग तोड. माझ्यासमोर तोड. माझं बोट तिथेच राहू दे."

ब्रोनाने कमरेची पटाशी काढली. जिथे एक वेढा दुसऱ्याला ओलांडत होता, अशी फळीच्या मधली गाठ तिने निवडली. तिने वरची रेघ कापली, खालची कापली. सुटलेली टोकं एकमेकांकडे वळवली. आता तिथे रेघ रेघेला ओलांडत नव्हती. दोन वळणं पाठीला पाठ लावून उभी होती. पहिल्या वेढ्यातून येणारी रेघ सरळ दुसऱ्यात शिरत होती, आणि दुसऱ्यातून येणारी पहिल्यात. काम झालं, पण जागा लपली नाही. तेल पाजून काळपट केलेल्या सगळ्या फळीवर तेवढंच लाकूड ताजं, पांढरं दिसत होतं.

"चला आजी," ब्रोना म्हणाली.

आजीने बोट टेकवलं. ते निघालं, वळलं, चढलं, उतरलं. मघाच्या जागी येईल असं वाटलं तेवढ्यात ताज्या कापावरून दुसऱ्याच अंगाला गेलं. पुढे जातच राहिलं. भरतीचं पाणी होडीच्या बुडाला लागून थांबलं होतं आणि आता मागे सरू लागलं होतं. अखेर बोट निघाल्या जागी आलं, तेव्हा आजीने हात झटकला.

"हात भरून आला बाई," ती म्हणाली. "आता उतरवा."

मग काय! पोरंच काय, म्हातारेकोतारे, बायाबापड्या, सगळे गुडघाभर पाण्यात शिरले आणि होडी लोटली. कानांवर हात ठेवणारा म्हातारा सगळ्यांत पुढे होता. उतरत्या पाण्याने होडी शेवटच्या घडीला उचलली.

त्या दिवशी वादळ वगैरे काही आलं नाही. गोष्टीत यायला हवं होतं, पण समुद्राला ते कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी होडी भरपूर बांगडे घेऊन परत आली, केरनने सगळ्यांना मासे वाटले आणि लोक जेवून झोपले. कोर्माक मात्र ब्रोनाशी बोलला नाही. दरवाजाचा विषयही त्याने काढला नाही.

पुढे बेटावर आणखी होड्या झाल्या. प्रत्येक आई ब्रोनाकडेच येई. एकीने तर फळी बघून तक्रारच केली.

"यावर ती तोडलेली गाठ कुठे आहे?"

"अगं, ती चूक होती! दर वेळी कशी करू?"

"मग तू नीट तपासलंस हे आम्हाला कसं कळायचं?"

ब्रोनाला हसू आवरेना. ती त्या बाईला किनाऱ्यावर घेऊन गेली, ओल्या वाळूत सगळी नक्षी आखली आणि म्हणाली, "फिरव बोट." त्या दिवसापासून तशीच रीत पडली. फळी कोरायच्या आधी ब्रोना वाळूत आखी आणि आया बोट फिरवून बघत.

एका सकाळी ती अशीच आखत असताना मागून गाडीची खडखड ऐकू आली. गाडीत ओक लाकडाच्या जाड फळ्या होत्या आणि पुढे कोर्माक होता. त्याने बराच वेळ घसा साफ केला.

"दरवाजा..." तो म्हणाला. "माझ्या दरवाजातून माझी नातवंडं ये-जा करणार आहेत. चूक झाली तर मला तोंडावर सांगेल, असं कोरणारं माणूस पाहिजे."

ब्रोनाने मान डोलावली आणि आखायला सुरुवात केली. दुपार झाली तेव्हा वाळूत भलामोठा दरवाजा उमटला होता, हरणांचा, बगळ्यांचा, एका रेघेचा. तिने काठी बाजूला टाकली.

"फिरवा बोट, सरदार."

"मी?"

"दरवाजा तुमचा आहे ना?"

कोर्माकने इकडेतिकडे पाहिलं, भरजरी अंगरखा आवरला, गुडघे टेकले आणि बोट वाळूत रोवलं. तो सरकत राहिला. वळणं घेत राहिला. अंगरखा ओल्या वाळूने माखला, सूर्य कलला, भरती पावलांशी आली.

"संपलं का गं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"अजून नाही, सरदार," ब्रोना म्हणाली. "चला पुढे."

तात्पर्य: आपली चूक आपल्याला दिसली, की भोवती टाळ्या वाजत असल्या तरी ती सांगावी आणि सर्वांसमोर दुरुस्त करावी, लोकांचा विश्वास अशाच हातांवर बसतो.