तीन मणांची सौदामिनी

एका राज्यात, जिथे राजाला पडसे झाले की प्रजेने धावत जाऊन आपापली छपरे धरायची, तिथे राजा जन्माने होत नसे, निवडला जात असे. निवडीची रीत साधी होती. देवळापुढच्या चौकात प्रत्येक उमेदवाराचा एक रांजण मांडत, आणि घरटी एक माणूस येऊन आपल्या पसंतीच्या रांजणात सुपारी टाके. ज्याचा रांजण जास्त भरे, त्याच्या गळ्यात निळ्या मण्यांचा राजकंठा पडे.

सारी गोम त्या कंठ्यातच होती. कंठा शापित होता. तो ज्याच्या गळ्यात पडे त्याचे दुखणे भूमीला लागे. एका राजाचे पोट बिघडले तेव्हा विहिरी कडू झाल्या. एकाचे पाय सुजले तेव्हा नदी फुगून गावात शिरली. एकाला झोप लागेनाशी झाली तेव्हा राज्यातले कोंबडे अष्टौप्रहर आरवत राहिले, आणि लोकांना सगळ्यांत जास्त वैताग आला तो ह्याच गोष्टीचा.

तेव्हा लोक शहाणे झाले. निदान त्यांना स्वतःला तसे वाटले. उमेदवाराची अक्कल, अनुभव, दानत ह्या गोष्टी कोणी विचारीनासे झाले. विचारायचे ते एवढेच, की गडी धडधाकट आहे ना? त्यासाठी त्यांनी निरांजनाची परीक्षा काढली. उमेदवाराने गडाच्या पायऱ्या धावत चढून जायचे आणि वर पोचताच पेटते निरांजन नाकासमोर धरायचे. ज्योत हलली नाही तर छाती भक्कम. ज्योत विझली तरी उमेदवार बाद होत नसे, पण त्याच्या रांजणात मग सुपारी पडत नसे, इतकेच.

अशा परीक्षेतून निवडलेला वज्रकेतू राजा मोठा देखणा होता. दंड पिळदार, मान ताठ. तरी त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस भूमी थरथरू लागली. का, ते कोणाला कळेना. एके दिवशी राजा दरबारात उभ्या उभ्या कोसळला आणि गेला. कंठा देवळात ठेवला, पण थरथर थांबली नाही, कारण नवा गळा मिळेपर्यंत कंठा जुने दुखणे सोडत नसे. घरांच्या भिंतींना तडे गेले आणि थोरल्या तलावाच्या बांधाला भेग पडली. बांध फुटला असता तर खालचे सगळे खोरे वाहून गेले असते.

त्या बांधाची आणि त्यातून निघणाऱ्या पाटांची कारभारीण होती सौदामिनी. नावाचा अर्थ वीज. पण बाईंची चाल अशी, की वीज चमकून, ढग गडगडून, पाऊस पडून पुन्हा ऊन पडले तरी बाई अजून उंबऱ्यातच. अंगाने चांगल्या ऐसपैस. बसल्या तर दोघांची जागा लागे, आणि उठायचे म्हटले तर कोणाचा तरी हात लागे. पण कोणत्या पाटाला कधी पाणी सोडायचे आणि दोन भाऊबंद पाण्यावरून एकमेकांच्या उरावर बसले तर त्यांना कसे उतरवायचे, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते. बांध वाचवायचा तर साऱ्या राज्याचे हात एका हुकुमाखाली यायला हवे होते. म्हणून त्या उमेदवारीला उभ्या राहिल्या.

त्यांच्यासमोर उभा होता सेनापतीचा मुलगा रणधीर. गुणी होता, उमदा होता, वाऱ्यासारखा धावे. त्याने गड चढून निरांजन धरले तेव्हा ज्योत जागची हलली नाही. सौदामिनीबाई बऱ्याच उशिराने पोचल्या, आणि त्यांच्या धापेने ज्योत तर विझलीच, शेजारच्या पुजाऱ्याचे उपरणेही उडाले. लोक खूप हसले. मग हसू ओसरले आणि खोऱ्यातली एक म्हातारी, रखमाई, पुढे आली.

"बाई, तुम्ही आमच्या शेताला पाणी दिलंत. आमचा जीव आहे तुमच्यावर. पण तुम्हांला धाप लागते, गुडघे दुखतात, लघवीला साखर जाते म्हणतात. उद्या कंठा घातलात आणि आमच्या विहिरींचा पाक झाला तर?"

म्हातारी वाईट बोलली नव्हती, खरे तेच बोलली होती. बाई घरी न जाता बांधावर जाऊन बसल्या आणि मनात म्हणाल्या, ज्या खोऱ्यासाठी मी उभी राहिले त्याचा घात माझ्याच अंगाने होणार असेल तर? बाईंना रडू आले.

बांधावरच्या उंबरावर एक धनेश पक्षी बसला होता. त्या राज्यात पक्षी बोलत. माणसांपेक्षा कमी बोलत, एवढाच फरक.

"कशाला रडतेस?" धनेशाने विचारले.

"मला कंठा घालावा की न घालावा, हे कळत नाही."

"जिने शाप दिला तिला विचार. वैद्य त्रिशिखा. वाऱ्याच्या डोंगरावर राहते. वाटेत तीन जागी अडवतील."

"कोण अडवतील?"

"पायऱ्या, पूल आणि दार," धनेश म्हणाला आणि उंबर खाऊ लागला.

बाई काठी घेऊन निघाल्या. डोंगराच्या पायऱ्या मंतरलेल्या होत्या. किती वीर त्या चढू गेले आणि चढता चढता म्हातारे होऊन परतले. बाई थोड्या चढल्या आणि बसकण मारून म्हणाल्या, "बाई गं, दमले." तशा वरच्या काही पायऱ्या नाहीशा झाल्या. पुन्हा चढल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा म्हणाल्या, "दमले." पुन्हा पायऱ्या कमी झाल्या. जो दमून न दमल्याचे सोंग करी त्याच्यापुढे तिथे पायऱ्या वाढत, आणि आजवर तिथे सोंगाशिवाय कोणी गेलेच नव्हते. बाई दुपारच्या जेवणाआधी वर पोचल्या.

पुढे दरीवर वेलींचा पूल होता. पुलाने विचारले, "वजन किती?"

दरीत पुष्कळ हाडे पडली होती. ती सगळी थोडेसे कमी सांगणाऱ्यांची होती.

"तीन मण," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "सकाळी चार भाकऱ्या खाल्ल्यात. त्या धर वर."

"ये," पूल म्हणाला. बाई पलीकडे गेल्या.

पलीकडे दगडी दार होते. त्याला कडी नव्हती, कुलूप नव्हते. दाराने विचारले, "भीती कसली?"

हे मात्र बाईंनी कोणाजवळ काढले नव्हते.

"लोक म्हणतात ते खरे असेल, ह्याची," त्या म्हणाल्या. "मी त्या जागेच्या लायक नसेन, ह्याची. आणि तरीही ती जागा मला हवी आहे, ह्याची."

दार उघडले. आत एक अतिवृद्ध बाई खलात मुळी कुटत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"वैद्यबाई, तुमच्या शापाने राज्य पिडले आहे," सौदामिनीबाई म्हणाल्या. "आजाऱ्याने कंठा घालावा की नाही?"

"शाप आजाराला कोणी दिला?" त्रिशिखा म्हणाली. "मी पहिल्या राजाची वैद्य. त्याला क्षय झाला. तो मला म्हणाला, लोकांत दवंडी दे, राजा ठणठणीत आहे. मी नाही म्हटले. त्याने मला हद्दपार केले. जाताना मी कंठ्याला शापले, की हा घालून जो जे दुखणे लपवील ते दुखणे भूमीवर उघडे पडेल. लपवील ते. जे सांगितले ते नव्हे."

"म्हणजे इतकी वर्षे..."

"इतकी वर्षे तुम्ही धडधाकट राजा शोधलात. धडधाकट म्हणून निवडला, की तो साधा खोकलादेखील उशीत तोंड खुपसून खोकणार. तुमच्या परीक्षेनेच शाप पोसला. वज्रकेतूचे हात थरथरत. आयुष्यभर त्याने ते पाठीमागे बांधून ठेवले."

सौदामिनीबाईंना तो ताठ उभा राजा आठवला आणि त्याची फार दया आली.

"शाप तुटेल कसा?"

"मला तोडता येत नाही. ज्याने लपवले त्यानेच, कंठा गळ्यात असताना, सर्वांसमोर आपल्या तोंडाने सांगावे. आजवर कोणी सांगितले नाही."

बाई परतल्या. सुपाऱ्या टाकण्याचा दिवस उजाडला होता. चौक भरला होता आणि जमीन थरथरत होती. बाईंनी सगळा वृत्तान्त सांगितला. कोणी विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? तीन मणांची उमेदवार डोंगरावरून बातमी घेऊन येते, की वजनाने काही बिघडत नाही! "बाईंना हवे तेच वैद्यबाईंनी सांगितले वाटते," मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळा चौक हसला.

"मग कंठा आत्ताच घालते," बाई म्हणाल्या. "आधी बघा, मग सुपारी टाका. रणधीरानेही घालावा."

रणधीर म्हणाला, "मान्य."

पुजाऱ्याने कंठा आणला. बाईंनी तो गळ्यात घातला आणि चौकाकडे तोंड केले.

"माझे वजन तीन मण आहे. मला मधुमेह आहे, आईला होता आणि आजीलाही होता. चढ चढले की धाप लागते. गुडघे रात्री ठणकतात. गोड मला वर्ज्य आहे आणि परवाच मी चोरून दोन करंज्या खाल्ल्या. बांधाच्या माथ्यावर आता मला चढवत नाही. मी खाली उभी राहून वरच्या माणसाला विचारते. बाकी काही नाही. असले तर मला ठाऊक नाही."

रखमाई विहिरीपाशी गेली, पोहऱ्याने पाणी काढून चाखले. "नेहमीसारखंच आहे," ती म्हणाली. तेवढ्यात कोणाच्या तरी ध्यानात आले, की जमीन थरथरायची थांबली आहे.

मग कंठा रणधीराने घातला. तो ताठ उभा राहिला. चेहऱ्याचा रंग मात्र उतरला होता.

"मला काहीही झालेले नाही," तो म्हणाला.

त्याच क्षणी राज्याच्या डाव्या अंगाला धुके उतरले. असे दाट, की चौकाच्या त्या बाजूच्या माणसांना आपला हात दिसेना. उजव्या बाजूला लख्ख ऊन होते. डावीकडे मुले रडू लागली, गुरे हंबरली, कोणी कोणाच्या अंगावर पडले. मग लोक खवळले. "खोटारडा! हाकला ह्याला!" दगडसुद्धा उचलले गेले.

सौदामिनीबाईंना त्या घडीला एवढेच करायचे होते, की गप्प राहायचे. रणधीराला लोकांनी हाकलले असते आणि राज्य त्यांच्या पदरात पडले असते. तसा विचार त्यांच्या मनात आलाही. आला नाही असे मी म्हणणार नाही. पण तसे झाले असते तर शाप तसाच राहिला असता, आणि पुढच्या राजाने पुन्हा काहीतरी लपवले असते. त्या काठी टेकत रणधीराजवळ गेल्या आणि त्याच्या व दगडांच्या मधे उभ्या राहिल्या. आडोसा म्हणून त्या चांगल्या पुरेशा होत्या.

"रणधीरा," त्या हळूच म्हणाल्या, "सांगून टाक, बाळा. मी करंज्यांचेदेखील सांगितले."

रणधीराने डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

"मला डाव्या डोळ्याने दिसत नाही," तो म्हणाला. "लहानपणी घोड्यावरून पडलो तेव्हापासून. बाबांनाही ठाऊक नाही. गडाच्या पायऱ्या मी पाठ केल्या आहेत." आणि सेनापतीचा तो उमदा मुलगा सर्वांसमोर ओंजळीत तोंड घालून रडला.

धुके उठले. गळ्यातल्या मण्यांचा निळा रंग निथळून गेला आणि राहिले नदीतले साधे पांढरे गोटे. हातातले दगड लोकांनी गुपचूप खाली टाकले.

मग सुपाऱ्या पडल्या. कोणी म्हणाले, "शाप नसला तरी बाईंच्या धापेची आम्हांला काळजी वाटतेच," आणि रणधीराच्या रांजणात टाकली. बाई त्यावर रागावल्या नाहीत. कोणी म्हणाले, "पाटाचे पाणी काही गुडघ्यांनी सोडत नाहीत," आणि बाईंच्या रांजणात टाकली. अशा म्हणणाऱ्यांची संख्या जास्त भरली. त्या राज्यावर बसल्या, रणधीराला त्यांनी बांधाच्या कामावर नेमले, आणि भेग बुजली.

पुष्कळ वर्षे राज्य सुखाने चालले. मग एके दिवशी सौदामिनीबाई चौकात आल्या आणि म्हणाल्या, "काल मी एकच पाट दोनदा सोडायला सांगितला. परवा रणधीराचे नाव आठवेना. वजन तेवढेच आहे, पण डोके साथ देत नाही. आता दुसरे कोणी बघा."

लोक रडले, पण राहा असे कोणी म्हणाले नाही. पुन्हा रांजण मांडले गेले. त्या राज्यात आजवर राजे गादीवर असतानाच, उभ्या उभ्या मरत आले होते. जुनी राणी रांगेत उभी राहून सुपारी टाकते आहे, असे पहिल्यांदाच घडले. ती कोणाच्या रांजणात टाकली, हे तिने कोणाला सांगितले नाही. तेवढे एक तिने जन्मभर लपवले, आणि भूमीला काही झाले नाही.