भांड्यांची उतरंड

“पण खूण खोटी निघाली तर मी तोंड कुठे दाखवू, बाबा?”

विश्वंभर ढोबळेंनी विचारलं खरं, पण उत्तराची आशा त्यांच्या आवाजात नव्हती. वर्षानुवर्षं यंत्रांतून आकाश तपासून माणूस पार थकला होता.

टेकडीवरच्या दर्ग्याच्या पडवीत करीमशा फकीर भिंतीला टेकून बसले होते. खाली पत्र्याच्या घरांचं गाव. मोठ्या भूकंपात जुनं गाव गेलं, त्यानंतर हे वसलं.

“कसली खूण?” बाबांनी विचारलं.

“खूप उंचावर विजेनं भारलेला एक थर असतो. आयनांबर. जमीन हलण्याआधी तो डहुळतो, असं मला वाटतं.”

“वाटतं?”

“...वाटतं. सूर्यावर वादळ झालं तरी डहुळतो. फरक अजून नीट कळत नाही. मागच्या थंडीत मी गावाला सावध केलं. बायकापोरांसकट सगळे उघड्यावर कुडकुडत झोपले. काही झालं नाही. आता पोरं मला भूकंपमास्तर म्हणतात.”

“आणि आज?”

“सकाळपासून थर पुन्हा डहुळलाय.”

“गावाला सांगितलं का?”

“नाही. खात्री झाल्याशिवाय आता अवाक्षर काढणार नाही. मलाही काही मान आहे.”



तेवढ्यात आतून भांडी कोसळल्याचा आवाज आला. ढोबळे दचकून उठले. बाबाही उठले. या गावात घरोघरी तांब्यावर उपडा पेला, पेल्यावर वाटी अशी उतरंड रचून ठेवतात. जमीन हलली की ती पडते आणि झोपलेला माणूस जागा होतो.

आतून एक मांजर मिशा चाटत बाहेर आलं.

“मांजर,” ढोबळे खाली बसत म्हणाले. “बसा, बाबा.”

बाबा बसले नाहीत. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत पायऱ्या उतरले आणि शेजारच्या खोपटाचं दार वाजवू लागले.

“चंद्राबाई, बाहेर ये. भांडी पडली.”

“मुडद्या, आत्ताच डोळा लागला होता. ते मांजर असंल तुजं. तुज्या तोंडात माती पडो.”

शिव्या घालत म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि कडुनिंबाखाली बसली. ढोबळेंना तिची दया आली. बाबांचा रागही आला.

बाबा परतले. आत जाऊन पुन्हा तांब्यावर पेला ठेवू लागले.

“मांजर तुम्हीही पाहिलंत,” ढोबळे म्हणाले. “तरी उठवलंत तिला?”

“हं.”

“रोज अशाच शिव्या खाता?”

“रोज.”

“आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?”

बाबांनी वाटी पेल्यावर ठेवली. हात बाजूला घेतला.

“त्या भूकंपाच्या पहाटे मी समद्या आळीत ढिगाऱ्यांवरून हाका मारीत फिरलो, साहेब. शिवी कुणीच दिली नाही.”