वारा आणि फांदी

फार पूर्वी, विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. दर वादळात काही घरटी अंड्यांसकट पाण्यात पडत.

"वाऱ्यापुढे कुणाचं चालतं? नशीब!" वस्तीतले म्हातारे आजोबा म्हणत.

अंडी घालायला आलेली तरुण सुगरण चिडली. "आजोबा, वारा कधी सुटेल ते कुणालाच कळणार नाही. पण आपली घरटी लटकतात ती फांदी किडलीय का, ते टोचून कळतं. तुम्ही कधी टोचून पाहिलीत?"

"अभद्र बोलू नकोस!"

तिने टोचलं. भुसा गळला. तिने जोडीदाराला पलीकडच्या टणक फांदीवर घरटं विणायला लावलं. बाकीचे हसले.

वादळ आलं. किडकी फांदी घरट्यांसकट विहिरीत कोसळली.

"नशीब!" आजोबा रडत म्हणाले.

तिचं घरटं गरगर फिरत होतं. अंडी पोटाशी धरून ती अजून थरथरत होती, पण फक्त वाऱ्याच्या भीतीने, फांदीच्या नव्हे.