दाराचे ओरखडे

गाड्यांचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. पोचा पडलेलं जीपचं एक दार इब्राहीम मिस्त्रींच्या गॅरेजात आलं. समोर पुट्टीचा डबा बघून त्याला हायसं वाटलं. मऊ लेप लागेल नि खड्डा झाकला जाईल.

पण मिस्त्रींनी आधी पॉलिश पेपर उचलला. त्याने रंग खरवडला, रंगाखाली दाराने लपवलेला गंजही काढला. उरला उघडा पत्रा आणि त्यावर हजार ओरखडे.

"मी तुझं काय घोडं मारलं होतं?" दार कळवळलं.

पेपर घासतच राहिला. उत्तर पुट्टीशेजारच्या डब्यातल्या प्रायमरने दिलं; पत्र्यावर पहिला थर त्याचाच असतो. "गुळगुळीत पत्र्यावर मला पाय रोवता येत नाहीत, बाबा. मी निसटलो तर माझ्यावर बसलेली पुट्टीही गळून पडेल. या ओरखड्यांनाच तर आम्ही धरून राहतो."

मग प्रायमर लागला, तो वाळल्यावर पुट्टी, शेवटी रंग. मिस्त्रींनी डोळे मिटून तळहात फिरवला. खड्डा कुठे होता, ते त्यांच्या हातालाही सापडेना. दार थक्क झालं.

आभार मानायला त्याने पेपरला शोधलं. तो कोपऱ्यात पडला होता, आपला सगळा खरखरीतपणा दाराला देऊन अगदी गुळगुळीत झालेला.