दोन दुकानांचा भाव

एकदा एक शिष्य नवी बंदूक घेऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या अंगणात आला. रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला होता, परवानाही हाती आला होता. खरेदी रीतसरच होती. मात्र तिच्यातले आपले चातुर्य सांगताना त्याचा स्वर चढला.

"गावातल्या म्हाताऱ्या दुकानदाराचा भाव चढा, गुरुजी. वर त्याचा रिवाज असा, की बांधाचा शेजारी सोबत येऊन 'द्या' म्हटल्याशिवाय तो बंदूक विकत नाही. म्हटलं, बंदूक घ्यायचीय की सोयरीक जुळवायचीय? शहरातल्या पेढीच्या मात्र गावोगाव शाखा. त्यांनी परवाना पाहिला, सरबत पाजलं, गवसणी फुकट दिली. भाव कमी, सेवा उत्तम!"

"तुझ्या बांधाचा शेजारी कोण?"

शिष्य घुटमळला. "धाकटा भाऊ. आमचं बोलणं नाही."

गुरूंनी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि ते म्हणाले, "चल, त्याला खरेदी दाखवू."

हे काय खूळ, असे शिष्याला वाटले. पण तो निघाला.

भावजय अंगणात मिरच्या वाळत घालीत होती. दिराच्या खांद्यावरची बंदूक दिसताच ती आत धावली, कडी वाजली. भाऊ दारासमोर हात पसरून उभा राहिला.

"दादा, बांध तूच घे. हवा तेवढा सरकव. पण मागं हो, आत पोरं आहेत."

बंदूक रिकामी आहे, ती डुकरांसाठी आहे, हे सांगायला शिष्याने तोंड उघडले. पण 'एक दिवस तुला इथंच आडवा करीन', असे त्या बांधावर भावाला ओरडून सांगणारा तोच होता, आणि ते साऱ्या गावाने ऐकले होते.

तो मान खाली घालून मागे फिरला.

वाटेत गुरू म्हणाले, "पेढीने तुला एकट्यालाच गिऱ्हाईक मानलं. म्हातारा बंदुकीसमोर जो उभा राहील त्यालाही गिऱ्हाईक मानतो. त्याचीही काळजी त्या चढ्या किमतीत होती. तू तिला महागाई म्हणालास. दोन दुकानांचे भाव पडताळलेस, बाबा, पण भावाला विचारलं नाहीस."

दोघे गावातल्या त्या दुकानाशी थांबले. शिष्याने बंदूक रीतसर ठेवीत दिली. म्हाताऱ्याने ती फडक्याने पुसून कुलपात ठेवली आणि सहज विचारले, "परत कधी नेणार?"

शिष्याची नजर वर झाली नाही.

"ते आता माझ्या हातात नाही, काका."